घरात भूभू आणि माऊ दोघंही: समोरासमोर आल्यावरच्या गमतीजमती

सायसाखर
भूभूंचे किस्से वेगळे, माऊंचे वेगळे. पण ज्यांच्या घरात दोघंही एकाच छपराखाली नांदतात, त्यांच्याकडे रोज जे घडतं त्याची गंमतच निराळी. ते सगळं एका जागी जमावं म्हणून हा धागा.

सुरुवात मी करते. आमच्याकडे गुंड्या, लॅब्रॅडॉर, वय साडेपाच, वजन ३४ किलो. आणि चिंगी, वय दोन, वजन तीन किलोला थोडं कमी. म्हणजे एका गुंड्यात अकरा-बारा चिंग्या सहज मावतील.

स्वयंपाकघराच्या दारात, अगदी उंबरठ्यावर, चिंगी बसते. करत काहीच नाही. पंजे पोटाखाली दुमडलेले, डोळे अर्धे मिटलेले. गुंड्याचं पाण्याचं भांडं आत. तो येतो आणि तिच्यापासून दोन हातांवर ब्रेक लागल्यासारखा थांबतो. तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे, तिथे दुसरं दार उघडेल अशा आशेने. नाकातून बारीक 'हुंऽऽ' असा सूर लागतो. चिंगी ढिम्म.

परवा त्याने तोड काढली. पूर्ण वळला, पाठ तिच्याकडे केली आणि ट्रक मागे घेतात तसा उलटा चालत दारातून आत गेला. मान बाहेरच्या दिशेला, नजर माझ्यावर, आणि मागचे पाय एकेक करून चाचपडत मागे. मध्येच त्याचं शेपूट चिंगीच्या नाकावरून फिरलं. तिने एक पंजा उचलला, क्षणभर तसाच हवेत धरला आणि परत खाली ठेवला. गुंड्या आत पोचला, अर्धं भांडं पाणी एका दमात प्यायला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की बाहेरही त्याच दारातून यायचंय. पुढचा अर्धा तास तो आतच उभा होता. शेवटी मी चिंगीला उचललं.

तुमच्याकडचे किस्से येऊ द्या.

पिसाट_पाऊस
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! उलटा चालणारा लॅब डोळ्यांसमोर आला. 'मान बाहेर, नजर माझ्यावर' हे तर अगदी अगदी.

आमच्याकडे भांडण नाही, संगनमत आहे. बोका दादू आणि बीगल टिपू. दोघांच्या खाण्याच्या पिशव्या वरच्या फळीवर असतात. टिपूला तिथवर पोचता येत नाही आणि दादूला जाड पिशवी फाडता येत नाही. बरेच दिवस आम्हाला कळेना की पिशवी जमिनीवर येते कशी. शेवटी एका दुपारी मी दाराआड उभा राहिलो. दादू खुर्चीवरून ओट्यावर, ओट्यावरून फळीवर. पिशवीमागे गेला आणि डोकं लावून ढकलायला लागला. टिपू खाली बरोबर त्या जागी येऊन बसलेला, मान वर, हूं की चूं नाही. हा एरवी पान हललं तरी भुंकणारा प्राणी! धप्प आवाज झाला, टिपूने पिशवीचा कोपरा दातात धरून टरकावला, दाणे पसरले. दादू सावकाश खाली उतरला आणि दोघं शेजारी-शेजारी खायला लागले. आश्चर्य म्हणजे टिपूने त्याच्यासाठी जागा सोडली होती.

आता झाकणाचे डबे आणलेत. दादू अजूनही रोज वर जाऊन डबा ढकलून बघतो.

कोरा_कागद
वाचतेय. आमच्याकडचं एका वाक्यात: भूभूच्या मोठ्या गादीवर माऊ ऐसपैस पसरलेली आणि माऊच्या परडीत भूभू, म्हणजे त्याचा मागचा एक पाय आणि हनुवटी. बाकीचा फरशीवर.

कवडसा
सायसाखर, तुमच्या चिंगीने तो पंजा उचलला ना, तिथेच सगळी मेख आहे. भूभूच्या भाषेत पुढचा पाय उचलणं म्हणजे बऱ्याचदा 'ए, बघ ना' किंवा 'चल खेळू'. माऊच्या भाषेत तोच पंजा म्हणजे 'आता एक ठेवून देईन'. गुंड्याने पाठ फिरवून जाणं हे मात्र फार शहाणपणाचं. रोखून बघणं दोघांच्याही भाषेत दमदाटी. त्याने नजर काढून घेतली, म्हणून तिनेही पंजा खाली ठेवला.

पोटाचंही तसंच. भूभू पाठीवर लोळून पोट दाखवतो तेव्हा तो लाडात आलेला असतो किंवा माघार घेत असतो. माऊ झटापटीत पाठीवर पडते तेव्हा चारही पायांची नखं आणि दात कामाला मोकळे झालेले असतात. आमचा राजा पहिल्या महिन्यात दर वेळी फसायचा. राणी पाठीवर पडली की याला वाटायचं शरण आली, आणि हा प्रेमाने पोट हुंगायला जायचा. मागच्या दोन्ही पायांच्या लाथा सटासट नाकावर. तो बिचारा दर वेळी माझ्याकडे येऊन बसायचा आणि तिच्याकडे असा बघायचा, की अगं तूच तर बोलावलंस!

आणि शेपूट. भूभूचं शेपूट सैल, मोठ्या झोक्याने हललं की गडी खूश. माऊचं शेपूट फटकाऱ्यासारखं इकडून तिकडे व्हायला लागलं की ती वैतागलेली. माऊने शेपूट सरळ उभं धरलं तर ते स्वागत, आणि भूभूचं शेपूट ताठ उभं राहिलं तर बहुधा तो सावध झालेला. म्हणजे जवळपास प्रत्येक शब्दाचा अर्थ उलटा. कुत्र्यामांजराच्या वैराबद्दल एवढं बोललं जातं, पण मला त्यातलं निम्मं तरी भाषेचं भांडण वाटतं.

यावर इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठाचा एक अभ्यास आहे, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. दोन्ही प्राणी असलेली जवळपास २०० घरं त्यांनी धरली होती. सुमारे दोन तृतीयांश घरांत दोघांचं बरं चाललं होतं. माऊ सहा महिन्यांच्या आतली आणि भूभू वर्षाच्या आतला असताना भेट झाली तर जास्त चांगलं जमतं, आणि माऊ आधीपासून घरात असली तर आणखी सोपं, असं त्यांना दिसलं. मला सगळ्यांत आवडलं ते पुढचं. एकत्र राहणारे हे प्राणी एकमेकांच्या खुणा शिकतात. ओळखीच्या माऊ नाकाला नाक लावून भेटतात, आणि अशा घरांतले भूभूही माऊला तसेच भेटायला लागलेले दिसले.

अजून एक. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांची शेपटं मोजली होती. मालक दिसला की शेपूट जोरात आणि कुत्र्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला जास्त झुकायचं. अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. आणि मांजर दाखवलं तेव्हा? शेपूट अगदी थोडंसं हललं, पण उजवीकडेच! हे वाचल्यापासून मी राजाच्या मागे उभा राहून शेपूट बघत असतो.

सायसाखर
कवडसादादा, काय सुंदर माहिती दिलीत! आत्ता उठून गुंड्याच्या मागे जाऊन उभी राहिले. चिंगी कपाटावरून उतरली आणि त्याचं शेपूट अख्खं कंबरेपासून फिरलं, त्यामुळे उजवं-डावं काही कळलंच नाही. पण नाकाला नाक लावतात, हे शंभर टक्के खरं. रोज सकाळी उठल्यावर पहिलं काम तेच. आणि गुंड्या त्या वेळी श्वास रोखून धरतो, एरवी एवढा धापा टाकणारा.

पिसाट_पाऊस
टिपू: उजवीकडे. पण समोर दादू होता की दादूच्या मागची फळी, हे सांगता येणार नाही.

नवखी
नमस्कार, मी आजवर फक्त वाचत होते. आज लिहावंच लागतंय, कारण मदत हवी आहे.

आमच्याकडे शेरू आहे, चार वर्षांचा, देशी, २२ किलो. स्वभावाने प्रेमळ, पण फिरायला गेल्यावर मांजर दिसलं की पट्ट्यासकट मला ओढून नेतो. काल संध्याकाळी धो-धो पावसात पार्किंगमधून सारखं बारीक ओरडणं ऐकू येत होतं. शोधलं तर एका गाडीच्या चाकावर बसलेलं पिल्लू. काळं कुळकुळीत, ओलंचिंब, माझ्या ओंजळीत मावेल एवढं. आजूबाजूला आई नाही. दोन तास दुरून वाट पाहिली, मग घरी आणलं. डॉक्टर म्हणाल्या सहा-सात आठवड्यांचं असेल, मादी आहे. नाव मिरी ठेवलं.

सध्या ती झोपायच्या खोलीत, दार बंद. शेरू दारासमोर आडवा पडून फटीला नाक लावून बसलाय. कालपासून जेमतेम जेवलाय. आत्ता थोड्या वेळापूर्वी फटीतून एक काळा पंजा बाहेर आला आणि त्याच्या नाकावर टप् करून आत गेला. शेरू एवढा दचकला की मागच्या टेबलावर आदळला. हसू आलं, पण भीतीही वाटतेय. माऊ घरात आधीपासून असेल तर सोपं, असं कवडसा यांनी लिहिलंय. आमचं नेमकं उलटं आहे. जमेल का?

रोखठोक
अहो, एवढं काही नसतं त्यात. दोघांना एका खोलीत सोडा आणि बाजूला व्हा. मांजर एकदा नाकावर ओरखडा काढेल, कुत्र्याला अक्कल येईल, विषय संपला. आमच्याकडे असंच झालं, आज आठ वर्षं दोघं सुखात आहेत. आपण मध्ये पडलो की उगाच वाढतं.

अबोली
रोखठोक, तुमच्याकडे निभावलं याचा आनंद आहे, पण नवखीताई, कृपा करून असं करू नका.

एक तर पिल्लू सात आठवड्यांचं आणि समोर २२ किलोचा गडी, जो बाहेर मांजरांमागे धावतो. त्याने रागाने काही करायचीही गरज नाही. धावत्या गोष्टीमागे लागून तोंडात धरून एकदा झटकलं तरी सगळं संपतं. आणि दुसरं, ओरखडा नाकावरच बसेल हे कोणी सांगावं? आमच्या पगच्या डोळ्यात माऊचं नख गेलं होतं. बुबुळावर जखम. दिवसातून सहा वेळा थेंब, गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू, तीन आठवडे. डोळा वाचला, पण बारीक पांढरा डाग कायमचा राहिला. चपट्या तोंडाच्या, बटबटीत डोळ्यांच्या कुत्र्यांना तर हा धोका फारच.

खूप हळू जा. आठवडा लागो की महिना, घाई नको.

कवडसा
अबोलीताईंशी सहमत. नवखी, तुमच्या बाजूने एक फार चांगली गोष्ट आहे. माऊच्या पिल्लांचं दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचं वय म्हणजे जग समजून घ्यायचं वय. त्यात जे भेटतं ते 'आपलं' होतं. मिरी त्या वयाच्या टोकावर आहे, तेव्हा तिची बाजू सोपी. शिकायचंय ते शेरूला.

आधी वासाची ओळख करून द्या. मिरीच्या अंगाखालचं फडकं शेरूच्या गादीशी आणि त्याचं तिच्या खोलीत, रोज अदलाबदल. दार बंद ठेवून एका बाजूला याचं ताट, दुसऱ्या बाजूला तिचं. म्हणजे तो वास आला की काहीतरी चांगलं मिळतं, असं दोघांच्या डोक्यात बसतं. हे शांतपणे जमायला लागलं की मग जाळी किंवा लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक. पहिल्या भेटीत शेरू पट्ट्यात, आधी भरपूर फिरवून दमवलेला, आणि मिरी मोकळी, तिला वर चढायला जागा. तो तिच्याकडे बघून तुमच्याकडे वळला रे वळला की लगेच खाऊ. टक लावून, अंग ताठ करून बसला, तोंड मिटलेलं, हाक मारली तरी कान हलत नाही, तर त्याला शांतपणे बाहेर न्या. ओरडू नका, नाहीतर मांजर दिसलं की ओरडा बसतो, हेच तो शिकेल.

डॉक्टरांकडून मिरीचे जंत आणि पिसवांचं बघून घ्या, ते शेरूकडे जायला वेळ लागत नाही. आणि तिच्या मातीचा ट्रे शेरूला पोचणार नाही अशा जागी ठेवा. का ते विचारू नका.

कोरा_कागद
का ते मी सांगते. भूभूंना तो खजिना वाटतो. माऊच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी जास्त, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या मालालाही वास तसाच. आमचा महाशय तोंडाला माती लावून पाहुण्यांना भेटायला गेला होता. गमतीचा भाग सोडा, पण ओलं झाल्यावर गोळा होणारी माती पोटात जाणं चांगलं नाही. आम्ही कपाटाचं दार साखळीने जेमतेम माऊपुरतं उघडं ठेवलंय. त्याचं डोकं आत जातं, खांदे जात नाहीत. रोज एकदा तो हे तपासून बघतो.

ताटंही वेगळी ठेवा. भूभूने माऊचं खाल्लं तर वजन वाढतं. पण माऊला नुसतं भूभूचं खाणं देऊन चालतच नाही. तिला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, नाहीतर पुढे हृदय आणि डोळे बिघडतात.

रोखठोक
अबोली, डोळ्याचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे दोघंही मोठे होते आणि कुत्रा आधीपासून म्हातारा, शांत. पिल्लाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, माझा सल्ला मागे घेतो. नवखी, हळूच घ्या. आणि इथे कळवत राहा.

नवखी
सगळ्यांचे मनापासून आभार. चौथा दिवस. फडक्यांची अदलाबदल सुरू केली. शेरूने मिरीचं फडकं आधी पाच मिनिटं हुंगलं, मग तोंडात धरून घरभर फिरवलं, शेवटी स्वतःच्या गादीवर ठेवून त्यावर हनुवटी टेकून झोपला. याचा अर्थ चांगला ना? मिरीने मात्र त्याच्या फडक्यासमोर पाठीची कमान केली, शेपूट बाटली घासायच्या ब्रशसारखं फुगवलं आणि आडवी-आडवी उड्या मारत पलंगाखाली गेली. एवढीशी ती, केवढा तो आव!

जेवण दाराच्या दोन्ही बाजूंना. शेरू आता पूर्ण जेवतो.

मृगजळ
त्या फटीतल्या पंजावरून आमचं आठवलं. हरणीचं (आमची कुत्री) नसबंदीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्याही गळ्यात तो प्लॅस्टिकचा शंकू होता. दवाखान्यातून आल्या-आल्या बकुळाने तिला ओळखलंच नाही. चार वर्षं जिच्या अंगावर झोपली तिच्यावर फिस्कारायला लागली. अंगाला औषधांचा वास, आवाज शंकूत घुमलेला, चेहरा गायब. हरणी तिच्याकडे प्रेमाने गेली आणि शंकूची कड जमिनीला घासून 'खर्रर्र' असा आवाज झाला. बकुळा पडद्याच्या दांडीवर.

दोन दिवस दांडीवर काढले. तिसऱ्या दिवशी बकुळाच्या लक्षात आलं की हरणीला बाजूचं काहीच दिसत नाही. मग काय, मागून दबक्या पावलांनी यायची, शेपटाच्या टोकाला हलकेच टपली मारायची आणि शंकूच्या आडोशाने हरणीबरोबर गोल फिरायची. हरणी वळेल तिकडे ही मागेच. हरणी शोधतेय पुढे, ही मागे बसून पंजा चाटतेय. नखं मात्र एकदाही बाहेर काढली नाहीत. डॉक्टरांनी उड्या मारू देऊ नका सांगितलं होतं, म्हणून मला दोघींना वेगळं ठेवावं लागलं. दहाव्या दिवशी टाके काढले, शंकू निघाला. बकुळा तोंड खुपसून हरणीचे दोन्ही कान आतून चाटत बसली, कितीतरी वेळ.

अबोली
मृगजळ, किती गोड! एकमेकींना चाटण्याचा विषय निघालाच आहे, तर एक फार महत्त्वाची गोष्ट सांगते. ज्यांच्या घरी दोघं आहेत त्या प्रत्येकाने वाचा.

भूभूंच्या मानेवर टाकायची गोचीड-पिसवांची थेंबांची औषधं असतात. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं. भूभूंना ते चालतं, माऊंसाठी विष आहे. माऊच्या यकृताला ते नीट मोडून बाहेर टाकता येत नाही. माऊला ते लावायचं तर नाहीच, पण नुकतं लावलेल्या भूभूला माऊने चाटलं किंवा त्याला बिलगून झोपली, तरी पुरतं. आमच्याकडे हेच घडलं. संध्याकाळी पगच्या मानेवर औषध टाकलं, रात्री दोघं नेहमीसारखे एकत्र झोपले. पहाटे माऊचे कान फडफडताना दिसले, मग अंगावर बारीक थरथर, मग उभं राहता येईना. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. अंग धुतलं, सलाईन, झटक्यांवरचं औषध. वाचली ती. वेष्टनावर मांजराच्या चित्रावर फुली होती, मी बघितलीच नव्हती.

घरात माऊ असेल तर परमेथ्रिन नसलेलंच औषध डॉक्टरांकडून मागून घ्या, आणि घेताना 'घरी मांजर आहे' हे आवर्जून सांगा. तसंच आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी. माऊला त्याचा लहानसा तुकडाही जीवघेणा ठरू शकतो.

पिसाट_पाऊस
अबोलीताई, लगेच उठून खोका बघितला. परमेथ्रिन आहे! पुढच्या रविवारी टिपूला लावायचं होतं. दादू रोज त्याच्या मानेवर डोकं ठेवून झोपतो. हात थरथरतायत लिहिताना. खूप खूप धन्यवाद.

सायसाखर
आमच्याकडचं तपासलं, त्यात नाही. नवीन येणाऱ्यांनी अबोलीताईंचा प्रतिसाद आधी वाचा, मगच किस्से.

दूरचा_दिवा
माझं वय झालंय, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमचा मोती तेरा वर्षांचा असताना त्याची दृष्टी गेली. हळूहळू गेली, त्यामुळे आम्हाला उशिरा कळलं. घर त्याच्या पायाखालचं होतं, पण खुर्ची जरा सरकली की आपटायचा. मग त्याने चालणंच सोडलं. कोपऱ्यात पडून राहायचा.

घरात सोनी नावाची मांजरी होती, तिचं आणि मोतीचं आयुष्यभर कधी पटलं नाही. त्याने गुरगुरायचं, तिने फिस्कारायचं, आणि एकाने दुसऱ्याच्या खोलीत जायचं नाही, असा दहा वर्षांचा करार. ती बागेत पक्षी मारायची म्हणून बायकोने तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं. उंदरांना जे जमलं नाही ते बायकोने केलं म्हणून मी तिला चिडवायचो.

एक दिवस बघतो तर सोनी चालली होती अंगणाकडे, घुंगरू वाजत होतं, आणि मोती उठून त्या आवाजामागे निघाला होता. नाक तिच्या शेपटाच्या वीतभर मागे. सोनी थांबली, मागे वळून फिस्कारली. मोती थांबला. ती चालली, तो चालला. अंगणात पोचून तो उन्हात आडवा झाला, किती आठवड्यांनी. दुसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवसांत तिने फिस्कारणं सोडलं. मग मी एक गोष्ट पाहिली. खुर्च्या-टेबलांखालून जायची तिची जुनी वाट तिने सोडली होती. आता ती मोकळ्या जागेतून, कडेकडेने जायची. मुद्दाम की कसं, ते मी कसं सांगू? पण मोती त्यानंतर आपटला नाही.

तो पुढे दीड वर्ष जगला. सोनीचं घुंगरू आम्ही नंतर काढलं नाही.

अबोली
दिवाकाका, डोळे भरून आले. लिहीत राहा.

कवडसा
काका, दोनदा वाचलं. धन्यवाद.

मृगजळ
निःशब्द. 'कडेकडेने जायची' इथे मीही थांबले.

रोखठोक
नवखी कुठे आहेत? मिरी-शेरूचं पुढे काय झालं?

नवखी
आले आले. उशीर झाला, माफ करा. आज एकतिसावा दिवस, सगळं सविस्तर लिहिते.

दहाव्या दिवशी फाटक लावलं. शेरू पट्ट्यात. पहिल्या दिवशी तो ताठ झाला, तोंड मिटलं, अगदी कवडसादादांनी लिहिलं होतं तसं. त्याला शांतपणे बाहेर नेलं. असं चार दिवस. पाचव्या दिवशी त्याने मिरीकडे बघितलं आणि खाऊसाठी माझ्याकडे वळला. मी एवढ्या जोरात 'शाब्बास' म्हटलं की मिरी पळाली.

त्यानंतर एका खोलीत, पट्टा जमिनीवर सैल सोडलेला. शेरू पुढचे पाय टेकून, मागचा भाग वर करून वाकला, आपण त्याला खेळायचं आमंत्रण म्हणतो ते. मिरीला तो डोंगर आपल्या अंगावर येतोय असं वाटलं असणार, ती खुर्चीवर चढली आणि वरून पंजा उगारला. शेरूला वाटलं ती 'हात' देतेय. त्यानेही पंजा वर केला! दोघं एकमेकांसमोर एकेक पंजा वर धरून कितीतरी वेळ बसले होते. मला फोटो काढायचं भानच राहिलं नाही.

शेपूट मी रोज बघत होते. सुरुवातीला काही कळायचं नाही, नुसतं ताठ असायचं. गेल्या मंगळवारी मिरी पलंगाखालून बाहेर आली, शेपूट सरळ उभं, आणि थेट शेरूच्या नाकाशी. मी त्याच्या मागे होते. शेपूट जेमतेम हललं, चार बोटं असेल. उजवीकडे.

एकत्र फक्त आम्ही घरात असतानाच ठेवतो, बाहेर जाताना अजून वेगळ्या खोल्या. ती मोठी होईपर्यंत तसंच ठेवणार.

आता आजचं. शेरू दाराची घंटा वाजली की घर डोक्यावर घेतो, पिल्लू असल्यापासून. चार वर्षांत एकदाही चुकला नाही. दुपारी तो हॉलमध्ये आडवा पडला होता आणि मिरी त्याच्या पुढच्या दोन पायांच्या बेचक्यात झोपलेली, घुरघुर मला सोफ्यापर्यंत ऐकू येत होती. घंटा वाजली. शेरूचे कान उभे राहिले, मान वर आली, छातीतून भुंकणं निघालं आणि गळ्यापर्यंत आलं. मग त्याने खाली मिरीकडे बघितलं. तोंड न उघडताच एक 'बुफ्' झालं, गाल फुगून परत बसले. पुन्हा घंटा. पुन्हा 'बुफ्', आधीपेक्षाही बारीक. पाय जागचा हलवला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, की अगं जा ना, उघड.

दार मी उघडलं. मिरीला जाग आली नाही.